जुन्या विमानाची दुसरी खेळी

दुसऱ्या महायुद्धातल्या 'स्वोर्डफिश' या ब्रिटिश आरमारी विमानाचं नाव दोन पराक्रमांसाठी घेतलं जातं: नोव्हेंबर 1940 मधला इटलीच्या तारांतो बंदरावरचा हल्ला, आणि मे 1941 मध्ये 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेचं सुकाणू निकामी करणारा टॉर्पेडो. दोन्ही पराक्रम मोठेच. तरीही त्याचं अधिक मोलाचं काम त्यानंतरचं आहे, आणि ते टॉर्पेडोने नव्हे, रॉकेटने झालं.

टॉर्पेडोचा अध्याय फार कटू रीतीने संपला. 12 फेब्रुवारी 1942 रोजी इंग्लिश खाडीतून निसटणाऱ्या जर्मन युद्धनौकांवर युजीन एस्मंड यांच्या नेतृत्वाखाली सहा स्वोर्डफिश चालून गेली. सहाही पडली. 18 जणांपैकी पाच वाचले. एस्मंड त्यांत नव्हते. दोन पंखी, कापडी आवरणाचं, उघड्या कॉकपिटचं हे संथ विमान शत्रूच्या लढाऊ विमानांपुढे टिकणार नाही, हे त्या दिवशी स्पष्ट झालं. पण अटलांटिकच्या मधोमध शत्रूची लढाऊ विमानं पोचतच नव्हती. तिथे होत्या त्या जर्मन पाणबुड्या, आणि त्यांच्या तोंडी सापडलेले मालवाहू जहाजांचे ताफे.

पाणबुडीवर विमानाचं नेहमीचं हत्यार म्हणजे डेप्थ चार्ज. तो टाकायचा तर पाणबुडीच्या अगदी डोक्यावरून, कमी उंचीवरून जावं लागे, म्हणजे तिच्या विमानवेधी तोफांच्या तोंडीच. रॉकेटने ही अडचण दूर केली. तीन इंच व्यासाच्या नळीत कॉर्डाइटचं इंधन, मागे चार पाती, पुढे डोकं. पंखांखाली रुळांवर एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. विजेच्या ठिणगीने ते सुटे आणि तोफेसारखा मागे धक्का बसत नसे. म्हणून हलक्या विमानालाही ते पेलवलं. ज्वाळांनी कापड पेटू नये यासाठी स्वोर्डफिशच्या खालच्या पंखांना धातूचा पत्रा बसवला गेला.

खरी करामत डोक्यात होती. स्फोटकांनी भरलेलं 60 पौंडांचं डोकं उपलब्ध होतं, पण पाणबुड्यांसाठी उपयोगी ठरलं ते स्फोटकच नसलेलं, 25 पौंडांचं भरीव डोकं. उथळ कोनात पाण्यात शिरलेलं हे रॉकेट खोल न जाता वरच्या दिशेला वळे आणि पाणबुडीला पाण्याच्या पातळीखाली धडके. म्हणजे नेम थोडा अलीकडे पडला तरी घाव बसण्याची शक्यता राहत होती. पाणबुडीचं आतलं पोलादी कवच जेमतेम दोन सेंटीमीटर जाडीचं. त्याला भोक पडलं की बुडी मारण्याची सोय संपली, आणि बुडी मारता न येणारी पाणबुडी म्हणजे उघड्यावर सापडलेलं सावज.

23 मे 1943 रोजी हे प्रत्यक्षात उतरलं. 'आर्चर' ही मालवाहू जहाजाची केलेली छोटी विमानवाहू नौका एचएक्स 239 या ताफ्याच्या रक्षणाला होती. तिच्यावरच्या 819 स्क्वाड्रनच्या स्वोर्डफिशने यू-752 ला गाठलं. ढगांचा आडोसा घेत येऊन वैमानिकाने जोडी-जोडीने रॉकेटं सोडली. घाव बसला. पाणबुडी खाली गेली खरी, पण पाणी शिरल्याने तिला पुन्हा वर यावं लागलं. नौकेवरून आलेल्या लढाऊ विमानाने गोळीबार केला, त्यात तिचा कप्तान मारला गेला आणि खलाशांनी ती बुडवून टाकली. पुढच्या आठवड्यात भूमध्य समुद्रात हडसन विमानाने यू-755 रॉकेटने बुडवली.

24 मे रोजी जर्मन आरमाराचे प्रमुख ॲडमिरल डोनिट्झ यांनी उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्यांचे कळप मागे घेतले. श्रेय एकट्या रॉकेटचं नव्हतं. त्या महिन्यात जर्मनीने सुमारे 41 पाणबुड्या गमावल्या आणि त्यामागे रडार, लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं, सांकेतिक संदेशांची उकल आणि रक्षक नौका हे सगळं होतं. रॉकेट या साखळीतली नवी कडी ठरलं.

मार्च 1944 मध्ये त्या कडीची ताकद आर्क्टिकमध्ये दिसली. रशियाहून परतणाऱ्या आरए 57 ताफ्याबरोबरच्या 'चेझर' या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या स्वोर्डफिशांनी 4, 5 आणि 6 मार्चला सलग तीन पाणबुड्यांवर घाव घातला. यू-472 ला जखमी केल्यावर विनाशिका 'ऑन्स्लॉट'ने संपवलं. यू-366 आणि यू-973 थेट रॉकेटांना बळी पडल्या. गोठवणाऱ्या वाऱ्यात, उघड्या कॉकपिटमध्ये बसून माणसांनी हे केलं.

पुढे श्नॉर्केल ही हवानळी आली. तिने हवा घेत पाणबुड्या पाण्याखालीच राहू लागल्या आणि रॉकेटला लक्ष्य दिसेनासं झालं. तरी 9 एप्रिल 1945 रोजी कॅटेगाटच्या सामुद्रधुनीत स्कॉटलंडमधल्या बॅन्फ तळावरच्या मॉस्किटो विमानांनी एकाच दिवशी यू-804, यू-843 आणि यू-1065 रॉकेटांनी बुडवल्या. यू-843 बटावियाहून अर्धं जग ओलांडून आली होती.

पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे 40,000 जर्मन तरुणांपैकी 30,000 च्या आसपास परतलेच नाहीत. आणि ज्यांच्यासाठी ही पहारेदारी होती, त्यांत आपलीही माणसं होती. ब्रिटिश जहाजांवर रत्नागिरी आणि गोव्याकडचे खलाशी, बटलर, भटारी राबत होते. या युद्धात मेलेल्या, कबर नसलेल्या सुमारे 6,000 भारतीय व्यापारी खलाशांची नावं मुंबईच्या खलाशीगृहातल्या नोंदवहीत आहेत. तारांतो आणि 'बिस्मार्क'च्या कथा बुडवलेल्या नौकांच्या आहेत. रॉकेटधारी स्वोर्डफिशची कथा पैलतीराला पोचलेल्या जहाजांची आहे. कोकणातल्या घरांशी नातं असलेली कथा ही दुसरी आहे, आणि मराठीत ती आवर्जून सांगायला हवी.