दहा क्रमांक कुणाचाच नाही

गोव्याच्या डेंपो फुटबॉल क्लबने पाच राष्ट्रीय विजेतेपदं कशी मिळवली ते लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. वर्षं आधी सांगून टाकतो: २००४-०५ आणि २००६-०७ ची राष्ट्रीय लीग, मग आय-लीग सुरू झाल्यावर २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. आठ हंगामांत पाच. मी मात्र अडकलो पहिल्या विजेतेपदाच्याही आधी, ५ डिसेंबर २००४ या तारखेपाशी.

बंगळूरचं कंठीरवा स्टेडियम, फेडरेशन चषकाचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. डेंपोचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर याने एक गोल केला होता. दुसरा करताना गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली. चेंडू जाळ्यात गेला आणि हा कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. डेंपोने चषक २-० असा जिंकला, दोन्ही गोल त्याचेच. त्याची दहा क्रमांकाची जर्सी यापुढे कुणालाच द्यायची नाही, असं क्लबने ठरवलं. ड्रेसिंग रूममधली त्याची जागा रिकामी असताना हाच संघ त्याच हंगामात पहिल्यांदा देशाचा विजेता झाला. ती मुलं रोज सरावाला कशी उतरली असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

त्यांना सांभाळलं आर्मांदो कुलासो यांनी. पाचही विजेतेपदं याच प्रशिक्षकाची. दिमाखदार परदेशी नावांमागे धावण्यापेक्षा क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक असे गोंयकार खेळाडू त्यांनी वर्षानुवर्षं एकत्र ठेवले. भात कापून झालं की शेतातच गोलपोस्ट रोवणारी गावं आहेत ही. तिथल्या पोरांचे पाय कुलासोंना ठाऊक होते. पुढे नायजेरियाच्या रांटी मार्टिन्सने २०११-१२ च्या एका हंगामात ३२ गोल केले. २००८ मध्ये संघ एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. कुलासोंना जीवनगौरव म्हणून द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो २०२५ मध्ये. इतका उशीर का व्हावा?

मग घसरण. २०१५ मध्ये संघ आय-लीगमधून खाली गेला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकून त्याने वर जाण्याचा हक्क मैदानावर कमावला. पण तेवढ्यात फुटबॉल महासंघाने इंडियन सुपर लीगला अव्वल स्थान आणि आय-लीगला तिच्याखालचं स्थान देणारा आराखडा मांडला. त्याच्या निषेधार्थ डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा हे गोव्याचे तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. जिंकून मिळवलेली जागा सोडताना खेळाडूंना काय वाटलं असेल? आणि गोव्याच्या गावांतल्या पोरांसाठी एका फटक्यात तीन दारं बंद झाली.

डेंपो २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परतला, प्रशिक्षक तोच जुना बचावपटू समीर नाईक. मला खूप आनंद झाला. पण २०२५ मध्ये वरच्या लीगचाच हंगाम कराराच्या तिढ्यात रखडला, आणि खालच्या क्लबांनी पगार कुठल्या भरवशावर द्यायचे, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.