अक्षराचा रंग आणि वाचणाऱ्याचा डोळा

लिहिण्याला मराठींत ‘पांढऱ्यावर काळें करणें’ असें म्हणतात. या वाक्प्रचारांत थोडी थट्टा आहे, पण एक फार जुना अनुभवहि त्यांत सांठविलेला आहे. पांढरा कागद आणि काळी शाई ही जोडी कोणीं सभा भरवून ठरविलेली नव्हे. शेंकडों वर्षें पोथ्या लिहिणाऱ्यांच्या व वाचणाऱ्यांच्या डोळ्यांनीं ती निवडली. पोथीच्या लेखकाजवळ दुसरे रंग नव्हते असें नाहीं. अध्यायाची समाप्ति किंवा ‘उवाच’ यासारखे शब्द तो हिंगुळाच्या तांबड्या शाईनें लिही, कांहीं ओळींवर गेरू चोळून त्या उठावदार करी आणि चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावी. ‘हरताळ फांसणें’ म्हणजे केलेलें नाहींसें करणें, हा अर्थ येथूनच आला. वाचण्यासाठीं काळा, लक्ष वेधण्यासाठीं तांबडा आणि पुसण्यासाठीं पिवळा, अशी रंगांची वांटणी त्या लेखकानें केली होती. आज संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर हौसेनें पिवळीं अक्षरें उमटविणारा माणूस आपल्याच मजकुरावर हरताळ फांसत असतो; फक्त तें त्याच्या लक्षांत येत नाहीं.

लक्षांत न येण्याचीं कारणें दोन. छापखान्यांत दुसरा रंग घ्यावयाचा म्हणजे दुसरी शाई आणि जादा खर्च, त्यामुळें रंग जपून वापरला जाई. पडद्यावर रंगाला कांहींच मोल पडत नाहीं. तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या प्रत्येकीं २५६ पायऱ्या धरल्या, तर १ कोटि ६७ लाखांहून अधिक छटा बोटाच्या टोंकाशीं हजर असतात. दुसरें कारण असें कीं, लिहिणाऱ्याला आपला मजकूर ठाऊक असतो. तो तें अक्षर वाचत नाहीं, केवळ ओळखतो. म्हणून फिकट रंगांतहि त्याला तें स्पष्ट भासतें. अडतो तो दुसराच. विजेच्या बिलाची शेवटची तारीख पाहणारे सत्तरीचे आजोबा, औषधाच्या चकचकीत पाकिटावरील मुदत शोधणारी आई, भर उन्हांत बांधावर उभें राहून हवामानाचा इशारा वाचणारा शेतकरी, यांना लिहिणाऱ्याच्या आवडीनिवडीशीं कर्तव्य नसतें. त्यांना अक्षर दिसावयाला हवें असतें.

रंग ओळखणें आणि आकृतीची बारीक कड ओळखणें हीं डोळ्याचीं दोन निराळीं कामें आहेत, आणि बहुतेक सगळा घोंटाळा या निराळेपणांतून उद्भवतो. डोळ्याच्या आंतील दृष्टिपटलावर शंकूच्या आकाराच्या तीन प्रकारच्या पेशी असतात. एक प्रकार लांब लहरींच्या प्रकाशाला अधिक जागतो, दुसरा मध्यम लहरींच्या आणि तिसरा आखूड, म्हणजे निळ्या प्रकाशाच्या लहरींना. वेलांटीचें वळण, मात्रेची रेघ, अनुस्वाराचा ठिपका हें सारें मुख्यतः पहिल्या दोन प्रकारच्या पेशींच्या एकत्रित जबाबावरून ठरतें. आणि तो जबाब कोणता रंग आला याचा नसून किती उजेड आला याचा असतो. निळ्या प्रकाशाच्या पेशी दहांत एकाहूनहि कमी असून, दृष्टिपटलाच्या ज्या मध्यबिंदूनें माणूस वाचतो त्याच्या अगदीं केंद्रांत त्या जवळजवळ नसतातच. तेव्हां दोन रंगांचीं नांवें कितीहि भिन्न असोत, त्यांचा उजेड सारखा असला तर त्यांच्यामधील कड विरघळल्यासारखी होते. गडद हिरव्या भूमीवरील भडक तांबडें अक्षर दुरून रागावून ओरडत असल्यासारखें दिसतें, पण जवळ जाऊन वाचूं लागावें तर डोळा त्यावर ठरत नाहीं, याचें कारण हेंच.

हें केवळ तर्काचें बोलणें नाहीं. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत माइल्स टिंकर व डोनाल्ड पॅटर्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनीं वाचनाचा वेग मोजण्याचे अनेक प्रयोग केले. १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगांत निरनिराळ्या रंगांच्या कागदांवर निरनिराळ्या रंगांच्या शाईनें छापलेला मजकूर लोकांना वाचावयास दिला होता. पांढऱ्यावरील काळा मजकूर सर्वांत लवकर वाचला गेला. पांढऱ्यावर हिरवा, पांढऱ्यावर निळा, पिवळ्यावर काळा यांनीं वेग थोडासाच घटला. परंतु हिरव्यावर तांबड्या मजकुरानें तो सुमारें दोनपंचमांशांनीं आणि जांभळ्यावर काळ्या मजकुरानें सुमारें निम्म्यानें घटला. काळी शाई घेतली म्हणजे काम झालें, अशी जी समजूत असते तिला हा शेवटचा आंकडा चांगलें उत्तर आहे. वेग ठरविणारी मुख्य गोष्ट शाई व कागद यांच्या उजेडांतील फरक हीच होय, असा निष्कर्ष त्या दोघांनीं काढला.

पडद्यावरील अक्षरांसाठीं हा फरक आतां आंकड्यांत मोजतां येतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २००८ सालीं दिलेल्या नियमांत त्याची रीत सांगितली आहे. पडद्यावरील पूर्ण पांढऱ्या रंगाचा उजेड १०० धरला तर त्यांत हिरव्या प्रकाशाचा वांटा सुमारें ७२, तांबड्याचा २१ आणि निळ्याचा अवघा ७ असतो. या हिशोबानें अक्षराचा व भूमीचा उजेड काढावयाचा, खोलींतील इतर प्रकाश पडद्यावर पडतोच म्हणून दोहोंत ५ मिळवावयाचे, आणि अधिकाला उण्यानें भागावयाचें. पांढरें व काळें यांचें गुणोत्तर २१ येतें; याहून मोठें गुणोत्तर संभवत नाहीं. दोन्ही रंग एकच असले कीं तें १ होतें. नेहमींच्या आकाराच्या अक्षरांना निदान ४.५, मोठ्या अक्षरांना निदान ३, आणि अधिक कडक कसोटी लावावयाची तर लहान अक्षरांना ७, अशी मर्यादा या नियमांनीं घातली आहे.

साडेचार हा आंकडा कोठून आला, हें समजून घेण्यासारखें आहे. निरोगी डोळ्याला ३ पुरतात. परंतु ऐंशीच्या सुमारास दृष्टीची तीक्ष्णता पुष्कळदां निम्म्यावर येते. निरोगी माणूस जें चाळीस फुटांवरून वाचतो तें वाचण्यासाठीं वृद्धाला वीस फुटांवर यावें लागतें. ही उणीव भरून काढण्यासाठीं त्या तिनाची दीडपट केली. म्हणजे ज्याला साधारण किमान म्हणतात तें माप तरुणाच्या डोळ्यावरून घेतलेलेंच नाहीं, तें एका आजोबांच्या डोळ्यावरून घेतलेलें आहे. आणि तें योग्यच आहे. वय वाढतें तसें डोळ्याचें भिंग पिवळट होतें, बाहुली लहान होते, आणि विशीच्या तुलनेनें साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर सुमारें एकतृतीयांशच प्रकाश पोंचतो. वीस वर्षांच्या चित्रकारानें निवडलेली नाजूक राखाडी छटा साठीच्या वाचकापर्यंत त्या रूपांत पोंचतच नाहीं.

याच मापानें नेहमींचे रंग तपासले म्हणजे कांहीं गमती कळतात. भडक पिवळ्या अक्षराचें पांढऱ्या भूमीशीं गुणोत्तर जेमतेम १.०७ भरतें, पण तेंच अक्षर काळ्या भूमीवर ठेवलें तर १९.६. शुद्ध निळ्याची तऱ्हा नेमकी उलट: पांढऱ्यावर ८.६ आणि काळ्यावर अवघें २.४. तेव्हां पिवळा वाईट किंवा निळा चांगला असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. एकटा रंग वाचनीयहि नसतो आणि अवाचनीयहि नसतो, जोडी तशी असते. भारतीय रेल्वेच्या स्थानकांवर गांवांचीं नांवें पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांनीं लिहितात. तेथें पिवळा रंग अक्षर न होतां भूमि झाला, म्हणून धांवत्या गाडींतूनहि नांव वाचतां येतें. शुद्ध तांबडा पांढऱ्यावर ४ च्या आसपास राहतो, म्हणजे मोठ्या मथळ्याला चालेल, बारीक मजकुराला अपुरा. थोडा गडद केला कीं तो सुधारतो. निळ्यावर तांबडा २.१ वर अडकतो आणि त्यांत आणखी एक पीडा आहे. डोळ्याचें भिंग तांबड्या व निळ्या किरणांना एकाच ठिकाणीं एकत्र आणूं शकत नाहीं. त्यामुळें पुष्कळांना तांबडीं अक्षरें निळ्या भूमीच्या पुढें तरंगतांना भासतात. सिनेमाच्या जाहिरातींत ही करामत शोभेल, अर्जाच्या सूचनांत नाहीं. गडद हिरवा व तांबडा यांचें गुणोत्तर तर १.३ हूनहि कमी आहे.

कांहीं लोकांना तांबड्या-हिरव्यांतील भेद जन्मतःच नीट कळत नाहीं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत असे सुमारें ८ टक्के आढळतात, इतरत्र प्रमाण कमी आहे. स्त्रियांत हा दोष सर्वत्र विरळा. त्यांच्यांतील एका गटाला तांबडा रंग मुळांतच काळपट दिसतो, म्हणून काळ्या भूमीवरील तांबडें अक्षर गणितांत ५.२ गुण मिळवूनहि त्यांच्या दृष्टीनें अंधारांत जातें. गणिताचीहि मर्यादा येथें ध्यानांत घ्यावी: काळ्या भूमीवरील गडद रंगांना हें सूत्र जरा उदार हातानें गुण देतें. शिवाय ‘तांबड्या नांवांचे उमेदवार अपात्र’ असा अर्थ केवळ रंगावर सोंपविला, तर या लोकांना आपण पात्र कीं अपात्र हेंच कळावयाचें नाहीं. नांवापुढें ‘अपात्र’ असा शब्द घालावयाला फारशी जागा लागत नाहीं.

उन्हाचा प्रश्न निराळा आहे. भूमीचा उजेड १०० आणि अक्षराचा २० असला तर गुणोत्तर पांच होतें. पडद्याच्या कांचेवरून उन्हाचे आणखी १०० परावर्तित झाले म्हणजे तेच आंकडे २०० आणि १२० होतात, आणि पांचपट अंतर दुपटीच्याहि खालीं येतें. घरांत कसेंबसें उत्तीर्ण होणारें अक्षर शेतांत हटकून नापास होतें. बाहेर वाचावयाच्या मजकुराला म्हणूनच साडेचारांवर समाधान मानूं नये. उलट रात्रीं अंधाऱ्या खोलींत पांढराशुभ्र पडदा डोळ्यांत खुपतो, यासाठीं काळ्या भूमीवर पांढरीं अक्षरें घेण्याची पद्धति अलीकडे रूढ झाली आहे. मोतीबिंदूमुळें ज्यांच्या डोळ्यांत प्रकाश विखुरतो अशा कित्येकांना ती खरोखर सोयीची पडते. निरोगी डोळ्याला मात्र दिवसाउजेडीं पांढऱ्यावरचें काळेंच किंचित् सरस ठरतें, कारण उजळ भूमीमुळें बाहुली आकुंचन पावते आणि प्रतिमा रेखीव होते. दोन्ही पर्याय वाचणाऱ्याच्या हातीं ठेवणें हें उत्तम.

देवनागरीच्या बाबतींत आणखी एका गोष्टीची भर पडते. या लिपींत अर्थाचा मोठा भार लहान खुणांवर असतो. रंग फिका झाला म्हणजे जाड दंड बराच वेळ तग धरतो, पण अनुस्वार, रफार, मात्रा व ऱ्हस्वदीर्घाचीं टोंकें आधीं मावळतात. ‘नंदी’वरील ठिपका गेला कीं ‘नदी’ उरते, ‘खंत’ जाऊन ‘खत’ होतें. वाचणारा अडखळत नाहीं, तो चुकीचें वाचून पुढें जातो, हें अधिक वाईट. त्यामुळें मराठी मजकुराला बारीक रेघेचा टाइप आणि फिकट राखाडी रंग हें दुहेरी सोंवळें परवडणारें नाहीं. रंग फिका ठेवावयाचाच असेल तर रेघ तरी जाड हवी.

फोटोवर अक्षरें घालण्याची हौस सर्वांत अधिक फसते, कारण फोटोची भूमि एकसारखी नसते. आकाशावर उठून दिसणारें अक्षर पांढऱ्या सदऱ्यावर आलें कीं बुडतें. चौकांतील फ्लेक्सांना नांवें ठेवणारे पुष्कळ, पण पांढऱ्या अक्षराला काळी किनार देण्याची त्यांची युक्ति शास्त्रशुद्ध आहे: मागें कांहींहि असो, कडेचा फरक अक्षराबरोबरच राहतो.

ज्याला गणित नको असेल त्यानें मोबाइलमधील रंग काढून टाकण्याची सोय वापरून आपला मजकूर नुसत्या करड्या छटांत पाहावा, किंवा कागद असेल तर त्याची काळीपांढरी झेरॉक्स काढावी. हिरव्यावरील तांबडी सूचना तेथें कोऱ्या पाटीसारखी निघते. लग्नपत्रिकेची गोष्ट वेगळी. तिच्यावरील सोनेरी वर्ख कागद जसा धरावा तसा कधीं लखलखतो, कधीं काळा पडतो, आणि संध्याकाळच्या दिव्यांत पाहुण्याला मुहूर्त पाहण्यासाठीं पत्रिका वळवीत बसावें लागतें. गणपति, कलश व नक्षी खुशाल सोनेरी असावींत. मुहूर्ताची वेळ, कार्यालयाचा पत्ता आणि फोनचा आंकडा तेवढा फिकट चौकटींत काळ्या शाईनें छापावा.