ऊसतोड सुरू व्हायच्या आधी गाडीचा रबरी बूट बघून घ्या



आज सल्ला पिकाचा नाही, गाडीचा आहे. आपल्या उंब्रज भागात चारचाकी आता नुसती पाहुण्यांकडे जायला राहिलेली नाही. खताची पोती, भाजीचे क्रेट, दुधाच्या किटल्या सगळं तिच्यातूनच जातं. पावसाळाभर ती तारळी-कृष्णाकाठच्या चिखलातून आणि उसाच्या खोडक्यांवरून फिरलेली असते.

अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट या गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते. गिअरबॉक्सपासून दोन्ही चाकांपर्यंत एकेक शाफ्ट असतो. चाक वळतं आणि खड्ड्यात वरखालीही होतं, म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना सांधा (सीव्ही जॉइंट) असतो. चाकाकडच्या सांध्यात साधारण सहा पोलादी गोळ्या असतात. त्यावर घड्या-घड्यांचा काळा रबरी बूट आणि आत ग्रीस.

रोटाव्हेटरच्या शाफ्टला निपल असतो, गन लावली की ग्रीस भरतं. या सांध्याला सहसा निपल नसतो. कंपनीत भरलेलं ग्रीस हेच त्याचं आयुष्य. बूट फाटला की चाकाच्या फिरण्याने ग्रीस बाहेर उडतं आणि पाणी, माती आत जाते. मग गोळ्या सहाणेवर घासल्यासारख्या झिजतात.

गेल्या वर्षी आमच्याच घरी हे झालं. वडिलांना चाकाच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसले. मी म्हणालो, "डांबर असेल, अण्णा." दीड महिन्याने मसूरच्या रस्त्याला वळताना कट-कट आवाज सुरू झाला. जिथं बुटावर भागलं असतं, तिथं पूर्ण शाफ्ट बदलावा लागला. पिकावरचा डाग दिसला की लगेच फवारणी सांगणारा मी, घरच्या गाडीचा डाग मात्र ओळखू शकलो नाही.

*घरी कसं तपासाल?*
१. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि इंजिन बंद करा.
२. पुढच्या चाकामागे बॅटरीच्या उजेडात बूट बघा. घड्यांच्या खोबणीत चिरा आहेत का? क्लिप सैल आहे का? रिमच्या आत ग्रीस उडालंय का?
३. स्टीअरिंग दुसऱ्या बाजूला वळवून तिकडचाही बूट बघा. गिअरबॉक्सकडचे दोन बूट गॅरेजला गाडी वर घेतल्यावर बघून घ्या.
नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

*फाटलेला दिसला तर?*
वळताना आवाज नसेल आणि सांध्यात ढिलाई नसेल, तर सहसा बूट, ग्रीस, क्लिप एवढ्यावर काम होतं. आवाज सुरू झाला असेल तर नवीन बूट घालून उपयोग नाही, झिजलेली गोळी परत भरून येत नाही. तशीच चालवली तर सांधा तुटू शकतो, आणि रात्री माल भरलेली गाडी हायवेवर जागची हलणार नाही.

*गॅरेजला काम करून घेताना:*
• सांधा उघडून जुनं ग्रीस पूर्ण काढायला सांगा. वरून नवीन ग्रीस दाबलं तर माती आतच राहते.
• किटमधलं काळं ग्रीसच वापरा, ट्रॅक्टरचं साधं पिवळं ग्रीस नको.
• तार आवळू नका, रबर कापतं. ट्यूबचा तुकडा गुंडाळणं म्हणजे चार दिवसांची मलमपट्टी.
• शाफ्ट बाहेर काढला असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल तपासून घ्या. चाकाचा मोठा नट नवीन आणि कंपनीच्या मापानेच आवळलेला हवा.

ज्यांची गाडी मागच्या चाकांवर चालते, उदा. ओम्नी किंवा इको, त्यांच्या पुढच्या चाकांना हे बूट नसतात. त्यांनी खालच्या लांब शाफ्टचे क्रॉस तपासावेत.

बेणे प्रक्रिया आपण रोग यायच्या आधी करतो, हेही तसंच. उद्या सकाळी गाडी काढायच्या आधी पाच मिनिटं द्या. आणि हा मेसेज घरातल्या गाडी चालवणाऱ्याला नक्की दाखवा.

आपला,
कृषी सल्लागार, उंब्रज