मातीत न पुरायचं बी

आमच्या मिरकरवाड्यात मासे उदंड आणि फुलं कमी. बंदरावरचा वारा खारा, अंगण हातभर, मातीत निम्मी वाळू. अशा ठिकाणी मी डॉग फ्लॉवर लावायला निघालो, तेव्हा शेजारी हसले. इंग्रजीत याला स्नॅपड्रॅगन म्हणतात आणि शास्त्रीय नाव अँटिऱ्हिनम, म्हणजे नाकासारखं. फुलाचे दोन्ही गाल हलकेच दाबले की ते तोंड उघडतं, सोडले की मिटतं.

मला ते हवं होतं अम्मासाठी. काचबिंदूनं तिची नजर गेली होती. मोगरा ती वासानं ओळखायची. बोटांना खेळवता येईल असंही एखादं फूल तिच्या हाती द्यावं, एवढीच इच्छा.

पहिल्या वर्षी मी बी कोथिंबिरीसारखं बोटभर मातीखाली पेरलं. काहीच उगवलं नाही. अम्मा रोज विचारायची, "आलं का रे?" दुसऱ्या वर्षी बी वर पसरलं, पण तांब्यानं पाणी ओतलं. सगळं बी एका कोपऱ्यात वाहून गेलं. तिथे दाटीनं रोपं आली आणि मानेशी कुजून आडवी झाली. ऐंशी ओलांडलेल्या माणसाचे दोन हिवाळे मी असे वाया घालवले.

मग वाचून कळलं ते असं. हे बी धुळीसारखं असतं. एका ग्रॅममध्ये काही हजार भरतात. एवढ्याशा बियाच्या पोटात शिदोरी ती किती? मातीचा थर फोडून वर येण्याइतकी ताकद त्यात नसते आणि उगवायला त्याला उजेड लागतो. मूळचं ते भूमध्य समुद्राकाठचं, खडकांच्या आणि जुन्या भिंतींच्या फटींत वाढणारं. तिथे त्याला पुरायला कोण जातं?

तिसऱ्या वर्षी दिवाळी उलटून रात्री गार झाल्यावर सुरुवात केली. मासळीचं टाकून दिलेलं थर्मोकोलचं खोकं घेतलं, मीठ जाईपर्यंत धुतलं, तळाला भोकं पाडली. लाल माती, नदीची वाळू आणि कुजलेलं शेणखत समभाग चाळून भरलं. किनाऱ्यावरची वाळू घ्यायची नाही. तिच्यात मीठ असतं. बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून भुरभुरलं आणि फळीनं नुसतं दाबलं. वरून पाणी नाही. खोकं पाण्याच्या परातीत ठेवायचं. ओल खालून चढते. माती वरपर्यंत ओली दिसली की बाहेर काढायचं.

बाराव्या दिवशी हिरवी ठिपकी दिसली. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्यावर रोपं वीतभर अंतरानं लावली, सकाळचं ऊन मिळेल आणि भिंतीचा आडोसा वारा अडवील अशा जागी. चार बोटं उंचीची झाल्यावर शेंडे खुडले. मन धजत नव्हतं, पण त्यामुळेच फांद्या फुटतात. पाणी मुळाशीच द्यायचं. पानं भिजत राहिली की तांबेरा येतो.

फेब्रुवारीत फुलं आली. काळा जाडजूड भुंगा त्यांवर बसून, जोर लावून आत शिरायचा. हलक्या माशीला ते दार उघडत नाही. मी एक तुरा अम्माच्या हाती दिला आणि तिची बोटं फुलाच्या गालांवर ठेवली. तिनं दाबलं, पुन्हा दाबलं.

"अरे, हा तर बोंबील! कसा तोंड वासतोय बघ."

ती सगळा तुरा संपेपर्यंत दाबत बसली होती.

त्याच पावसाळ्यात अम्मा गेली. उन्हाळ्यात वाळलेली बोंडं मी तोडून ठेवली होती. त्यांच्या टोकाला भोकं पडतात आणि मिठाच्या डबीसारखं बी गळतं. बाजारातल्या संकरित पुडीपासून धरलेल्या बियाला तोच रंग येईल असं नाही, पण तोंड तसंच उघडतं. ते कागदाच्या पुडीत, कोरड्या डब्यात ठेवा. आणि दिवाळीनंतर पेराल तेव्हा एवढं लक्षात असू द्या: मातीनं झाकू नका.