ध्रुवीय फेरोविद्युत ऑक्साइड स्फटिकांच्या पृष्ठभागाची रचना व संघटन : विशेष संदर्भ लिथियम नायोबेट

प्रस्तावना :
बाह्य विद्युत क्षेत्र नसतानाही ज्यांच्या अंतर्भागात विद्युत ध्रुवीकरण टिकून असते आणि पुरेसे तीव्र क्षेत्र लावल्यास त्या ध्रुवीकरणाची दिशा उलटविता येते, अशा स्फटिकांना फेरोविद्युत स्फटिक म्हणतात. हा गुणधर्म जोसेफ व्हॅलसेक यांनी १९२० मध्ये रोशेल क्षारात प्रथम दाखविला. पुढे ऑक्साइड वर्गातील बेरियम टायटनेट व लिथियम नायोबेट हे पदार्थ पुढे आले. लिथियम नायोबेटची फेरोविद्युतता मॅथियास व रेमिका यांनी १९४९ मध्ये नोंदविली. प्रकाशतंतू दळणवळणातील मॉड्युलेटरसाठी हा स्फटिक आज मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. या स्फटिकाचा पृष्ठभाग म्हणजे त्याच्या अंतर्भागाचा केवळ कापलेला छेद नव्हे. त्याचे संघटन वेगळे असते आणि हे वेगळेपण अपरिहार्य असते. त्यामागील कारणाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अंतर्भागाची रचना :
लिथियम नायोबेटमध्ये ऑक्सिजनचे थर एकावर एक रचलेले असून त्यांच्यामधील अष्टफलकीय जागांपैकी एक तृतीयांश लिथियमने व एक तृतीयांश नायोबियमने व्यापलेल्या असतात. उरलेल्या जागा रिकाम्या असतात. सामान्य तापमानास हे दोन्ही धन आयन ऑक्सिजनच्या सापेक्ष एकाच दिशेने सरकलेले असतात. या सरकण्यामुळे प्रति चौरस मीटर सुमारे ०.७ कूलंब इतके स्वयंस्फूर्त ध्रुवीकरण निर्माण होते. ध्रुवीकरणाच्या अक्षाला लंब असा काप घेतल्यास दोन असमान पृष्ठभाग मिळतात. धन आयन ज्या बाजूकडे सरकलेले असतात तो धन पृष्ठभाग आणि त्याच्या विरुद्ध बाजूचा तो ऋण पृष्ठभाग होय.

विद्युतभाराचा हिशेब :
ध्रुवीकरणाचे मूल्य हेच या पृष्ठभागांवरील बद्ध विद्युतभाराच्या घनतेचे मूल्य असते. त्याची भरपाई झालीच नाही असे मानल्यास स्फटिकाच्या आत निर्माण होणारे विरोधी क्षेत्र, परावैद्युतांक सुमारे २८ धरून, स्थूल गणिताने प्रति मिलिमीटर २,८०० किलोव्होल्टच्या घरात जाते. व्यवहारात मिळणाऱ्या स्फटिकाचे ध्रुवीकरण उलटविण्यास मात्र प्रति मिलिमीटर सुमारे २१ किलोव्होल्ट पुरतात. म्हणजेच भरपाईविना असलेला पृष्ठभाग स्वतःच्याच स्फटिकाचे ध्रुवीकरण टिकू देणार नाही.

ही भरपाई किती हवी, याचे उत्तरही लक्षणीय आहे. पृष्ठभागावरील एकक कोशिकेची बाजू सुमारे ०.५१५ नॅनोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ०.२३ चौरस नॅनोमीटर असते. वरील घनतेने प्रत्येक कोशिकेच्या वाट्याला जवळजवळ एका इलेक्ट्रॉनइतका भार येतो. लिथियमच्या आयनावरील भारही एवढाच असतो. प्रत्येक कोशिकेमागे एकभारी आयनाची भर किंवा घट झाली तरी हा हिशेब बदलू शकतो. येथे संघटनाचा प्रश्न विद्युतभाराच्या प्रश्नाशी जोडला जातो.

भरपाईचे मार्ग :
ही भरपाई मुख्यतः तीन मार्गांनी होते. पहिल्या मार्गात स्फटिकातील मुक्त वाहक पृष्ठभागाजवळ एकवटतात. दुसऱ्या मार्गात पृष्ठभागावरील आयनांचे प्रमाणच बदलते. तिसऱ्या मार्गात हवेतील पाण्याचे रेणू व अन्य घटक पृष्ठशोषणाने चिकटतात. दुसऱ्या मार्गासंबंधी लेव्हचेन्को व रॅपे यांनी २००८ मध्ये केलेल्या गणनेतून धन व ऋण पृष्ठभागांचे समतोल संघटन परस्परांहून भिन्न असल्याचे दिसून आले. साना व श्मिट यांची २०१० मधील गणनाही याच दिशेने जाते. एकाच स्फटिकाच्या दोन बाजूंना एकच रासायनिक सूत्र लावणे म्हणूनच अपुरे ठरते.

प्रायोगिक पुरावा :
या भिन्नतेचा साधा पुरावा फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. हायड्रोफ्लुओरिक व नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात ऋण पृष्ठभाग वेगाने झिजतो, तर धन पृष्ठभाग जवळजवळ तसाच राहतो. नासाऊ व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये याच गुणधर्माच्या आधारे स्फटिकातील ध्रुवीय क्षेत्रांची रचना दृश्यमान केली. अल्टमन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखविल्याप्रमाणे अॅसिटिक आम्ल व आयसोप्रोपॅनॉल यांचे रेणू धन पृष्ठभागावर अधिक घट्ट धरले जातात.

पूर्वप्रक्रियेचा परिणामही तितकाच महत्त्वाचा आहे. व्यवहारात वाढविल्या जाणाऱ्या स्फटिकाच्या अंतर्भागातच लिथियम ऑक्साइडचे प्रमाण ५० ऐवजी सुमारे ४८.५ मोल टक्के असते. उच्च तापमानास लिथियम पृष्ठभागातून आणखी बाहेर पडते. कॅमिनो व कॅरुथर्स यांनी १९७३ मध्ये याच बहिर्विसरणाचा उपयोग करून प्रकाशवाहिनी तयार केली. पृष्ठभाग स्वच्छ करण्यासाठी दिलेली उष्णता त्याचे संघटन बदलू शकते, हे यावरून ध्यानात येते. शिवाय हा स्फटिक तापविद्युत गुणधर्माचाही असल्याने तापमान बदलताच भरपाईचा तोल ढळतो.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ध्रुवीय फेरोविद्युत ऑक्साइडचा पृष्ठभाग हा ध्रुवीकरण, संघटन व परिसर या तिहींच्या तडजोडीतून घडतो. या क्षेत्रातील शोधनिबंधात केवळ रासायनिक सूत्र व कापाची दिशा देणे पुरेसे नाही. पृष्ठभाग धन की ऋण, तो कोणत्या द्रवाने धुतला, किती तापमानास व कोणत्या वातावरणात तापविला, आणि मोजमापापूर्वी किती काळ हवेत राहिला, या बाबींचीही नोंद आवश्यक आहे. या नोंदींसाठी महागडे उपकरण लागत नाही. मर्यादित साधनांच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही त्या ठेवता येतात. त्या नसतील तर दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळले नाहीत, तरी चूक मोजमापात होती की मुळात पृष्ठभागच वेगळे होते, हे ठरविता येणार नाही.