जुनी गाडी – भाग ७ : धूर नेमका कधी येतो?

गाडी गॅरेजच्या दारात उभी राहते, मिस्त्री सायलेन्सरकडे एक नजर टाकतो आणि निदान होतं. काळा धूर असेल तर नोझल, निळा असेल तर रिंगा, पांढरा असेल तर हेड गॅस्केट. पाढ्यासारखं पाठ झालेलं हे कोष्टक खोटं नाही, पण अपुरं आहे. निळ्या धुराच्या मागे रबराचं एक लहानसं सीलही असू शकतं आणि अख्खं बोअरकामही. दोन्हींचा रंग एकच, बिलात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून रंगाच्या जोडीला वेळही विचारावी : गार इंजिनाला की तापलेल्या, चढावर की उतारावर, क्षणभर की सतत? बरंचसं उत्तर तिथेच मिळतं, आणि ते काढायला पानाही लागत नाही.

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात सगळ्यांत जास्त घाबरवतो तो पांढरा धूर, आणि बहुतेकदा विनाकारण. लिटरभर पेट्रोल किंवा डिझेल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. रात्रभर खळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या गार सायलेन्सरमध्ये त्यातलं काही साचतं, थेंब थेंब गळतं, उरलेलं वाफ होऊन दिसतं. बाहेरची हवा आधीच दमट, त्यामुळे ती वाफ विरायलाही वेळ लागतो. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालल्यावर ती दिसेनाशी झाली तर विषय संपला. गोम आहे ती फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांची. वायरीहून मालवण बाजार आणि परत, एवढ्यात इंजिन पुरतं तापतच नाही. आतली वाफ ऑइलच्या झाकणाखाली जमते आणि तिथे ताकाच्या फेसासारखा पिवळट थर दिसतो. तो पाहून ‘ऑइलात पाणी गेलं’ असा निष्कर्ष काढणं घाईचं आहे. डिपस्टिक ओढून पाहावी. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल आणि आठवडाभर रोज सकाळी गार इंजिनावर पाहिलेली कूलंटची पातळी हलत नसेल, तर गॅस्केटवर संशय घ्यायला आधार नाही. उलट इंजिन तापल्यावरही धूर दाट पांढराच राहिला, त्याला गोडसर वास आला आणि कूलंट घटत गेलं, तर मात्र गाडी पुढे रेटू नये. डिझेल गाडीत डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर हे आणखी वेगळं प्रकरण. ते न जळलेलं डिझेल असतं. हीटर प्लग गेलेला असतो, इंजेक्शनचं टायमिंग मागे पडलेलं असतं किंवा डिझेलात पाणी उतरलेलं असतं. शेवटची शंका फेडणं सगळ्यांत सोपं. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं काचेच्या बाटलीत घ्यावं आणि बाटली पायरीवर ठेवावी. पाणी असेल तर ते खाली बसतं आणि मधली रेघ लख्ख दिसते.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, यात वाद नाही. प्रश्न आहे ते कुठून येतंय हा. सकाळी स्टार्टर मारताच एक निळा झोत आला आणि मग दिवसभर काही नाही, तर रात्रभरात ऑइल व्हॉल्व्हच्या सीलवरून झिरपून खाली उतरलेलं असतं. जुन्या पेट्रोल गाडीची परीक्षा आंबोली घाटही घेतो. गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी उतरू लागली की इंजिनात जोराची ओढ तयार होते आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल आत खेचलं जातं. दाणोलीला सपाटीवर येऊन पाय दाबला की मागे निळा ढग. जुन्या डिझेल इंजिनात हवा अडवणारी झडपच नसल्याने ही परीक्षा तिथे लागू होत नाही. चढावर जोर लागताना धूर सतत निळा आणि ऑइलही भराभर घटत असेल, तर रिंगांचं नाव घ्यायला हरकत नाही. टू-स्ट्रोक गाड्या या हिशेबातून वगळाव्यात. जुनी चेतक पेट्रोलाबरोबर ऑइल जाळणारच, तिची बांधणीच तशी आहे.

काळ्या धुराचं गणित सोपं आहे : इंधन जास्त किंवा हवा कमी. लोकांचा हात मात्र आधी इंधनाकडे जातो. इथे चिरेखाणींच्या रस्त्यांवर जांभ्याची तांबडी पूड उडते आणि एअर फिल्टरच्या घड्यांत बसते. पावसाळी दमटपणात ती चिकटली की नुसती झटकून निघत नाही. नोझल तपासायला पाठवण्याआधी फिल्टर उजेडासमोर धरावा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर इंजिनाला श्वासच मिळत नाही.

मिसिंगचंही तेच, तिथेही वेळच बोलते. पावसाळी सकाळी धडधडणारी आणि दुपारी उन्हात गुमान चालणारी पेट्रोल गाडी बहुतेक वेळा विजेची तक्रार सांगत असते. प्लगच्या वायरींना बारीक भेगा पडलेल्या असतात, दमट हवेत ठिणगी तिथूनच पळते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर निळसर चमक दिसते. हात मात्र लांब ठेवावा. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनात मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून आवाज ऐकतो. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर आवाज बदलत नाही, तो आधीच काम करत नसतो. कॉमन रेल गाडीत हा प्रयोग कधीही करू नये. तिथल्या डिझेलचा दाब इतका असतो की फवारा कातडी फाडून आत घुसतो.

यावर अनुभवी माणूस म्हणेल की जाणत्या मिस्त्रीचा कान हे सगळं क्षणात ओळखतो. ओळखतोही. पण गाडी गॅरेजात पोचेपर्यंत तापलेली असते आणि सकाळचा धूर त्याच्यासमोर कधी येतच नाही. तो पाहणारा एकच माणूस, गाडीचा मालक. पीयूसी पास झाली म्हणजे इंजिन ठणठणीत, हा दुसरा युक्तिवादही याच ठिकाणी लंगडा पडतो. डिझेल गाडीचा धूर इंजिन तापवून, जागेवर अ‍ॅक्सिलरेटर दाबून मोजतात. जुन्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिज एककांपर्यंतची मुभा आहे. गार इंजिनाचा पहाटेचा निळा झोत त्या यंत्रापुढे येणारच नाही.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : दोन लाख किलोमीटर झालेल्या गाडीत रिंगा झिजलेल्याच असणार, मग आज ना उद्या खोलायचंच आहे तर तपासण्यात वेळ का घालवा? झिजलेल्या असतील, मान्य. पण झीज आणि बिघाड एक नव्हे. हजार किलोमीटरला पाव-अर्धा लिटर ऑइल पिणारी जुनी गाडी वरून ऑइल घालत वर्षानुवर्षं चालते. तेच प्रमाण लिटरच्या पुढे गेलं की हिशेब बदलतो. तेव्हाही इंजिन उतरवण्याआधी कॉम्प्रेशन मोजून घ्यावं, आणि आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक पाहावा. पेट्रोल इंजिनात कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं आणि आकडा वर चढला, तर गळती रिंगांतून आहे. जागचा हलला नाही, तर ती बहुधा वर व्हॉल्व्हपाशी आहे, आणि काम नुसतं हेड उतरवून भागू शकतं.