होडीच्या पोटांतील फेस

होडी कां तरते, असें वर्गांत विचारलें म्हणजे "लांकूड हलकें म्हणून" हें उत्तर ठरलेलें असे. मग मी मुलांना लोखंडी आगबोटीची आठवण करून देई. वस्तु जेवढें पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला मिळतो, हा आर्किमिडीजचा सिद्धांत. आगबोट पोकळ असते, म्हणून ती पुष्कळ पाणी सारते. पण त्या पोकळींत पाणी शिरलें कीं सारा हिशेब फिरतो. फायबरग्लासच्या लहान होडीचेंही तसेंच आहे.

तेव्हां ही पोकळी एखाद्या हलक्या पदार्थानें आधींच भरून टाकली तर? रिचर्ड फिशर या अमेरिकन गृहस्थांनीं हा विचार प्रत्यक्षांत आणला. १९५८ सालीं त्यांची 'बोस्टन व्हेलर' नांवाची १३ फुटी होडी बाजारांत आली. तिच्या आंतल्या व बाहेरच्या कवचांमध्यें फेस भरलेला होता. १९६१ सालीं 'लाइफ' या नियतकालिकानें ती होडी करवतीनें कापली जात असतांनाचीं छायाचित्रें छापलीं. फिशर होडींतच बसून होते, आणि अर्धी होडीही तरंगत राहिली!

हल्लीं होडीची डागडुजी घरीं करणारे हौशी लोकही असाच फेस ओततात. आयसोसायनेट आणि पॉलिओल हीं दोन द्रव्यें सांगितलेल्या प्रमाणांत घोटलीं कीं मिनिटभरांत मिश्रण फुगूं लागतें, आणि सुमारें तीसपट होऊन घट्ट बसतें. हेंच पॉलियुरेथेन. १० लिटरांची बादली नेहमींच्या हलक्या फेसानें भरली तर आंतल्या फेसाचें वजन सुमारें ३२० ग्रॅम. पाण्यानें भरली तर १० किलो. म्हणजे एवढा फेस पाण्याखालीं गेला कीं साडेनऊ किलोंहून अधिक भार तोलून धरतो.

परंतु फेस म्हणजे भोक बुजविण्याचें औषध नव्हे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तळाचा तडा तसाच ठेवून वरून फेस ओतला. होडींत पाणी दिसेना, तेव्हां तो निर्धास्त झाला. पूर्वीं दोघे जण ती होडी सहज किनाऱ्यावर ओढीत. दोन पावसाळ्यांनंतर चौघांनाही ती आवरेना. वरचा तक्ता कापून पाहिला, तों फेस पाण्यानें जड झालेला आणि आधाराचीं लांकडें कुजलेलीं! फेसांतील कोश बंद असतात खरे. तथापि वर्षानुवर्षें पाण्यांत राहून व लाटांचे धक्के खाऊन त्यांत पाणी मुरतें. आणि कोंडलेलें पाणी सहसा सुकत नाहीं.

म्हणून क्रम चुकवूं नये. आधीं तडा घांसून, काच-कापड व राळ यांनीं पक्का बुजवावा. मग पोकळी पूर्ण कोरडी होऊं द्यावी, घाई नको. तळाशीं पाणी निघून जाण्यास वाट ठेवावी. फेस थोडा थोडा ओतावा आणि आधींचा थर फुगून थंड झाल्यावरच पुढचा घालावा; एकदम पुष्कळ ओतल्यास आंतील उष्णतेनें तो करपतो, प्रसंगीं पेटही घेतो. हवा व जादा फेस बाहेर पडण्यास वर छिद्रें हवींत, नाहींतर फुगवटीच्या जोरानें तक्ताच उचलला जातो. आयसोसायनेटची वाफ फुप्फुसांस अपायकारक असते, म्हणून उघड्यावर, योग्य मुखवटा, चष्मा व हातमोजे घालूनच काम करावें. स्वस्त म्हणून थर्मोकोल वापरूं नये. पेट्रोलनें आणि पॉलिएस्टर राळेनेंही तो विरघळतो.

शेवटीं एक साधी परीक्षा सांगतो. दुरुस्ती होतांच कोरड्या होडीचें वजन करून तो आंकडा लिहून ठेवावा, आणि दरवर्षीं होडी काढून सुकविल्यावर पुन्हां ताडून पाहावा. आंकडा वाढला, तर होडी तरंगत असली तरी तिच्या पोटांत पाणी आहे असें समजावें, आणि ती पुन्हां पाण्यांत लोटण्यापूर्वीं तक्ता उघडावा.